घोटाभर पाणी

वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच वाघावर येतो. "वाघ पाहिलात का हो?" मी माणगावच्या बाजूचा, भातशेतकऱ्याच्या घरातला. सुरुवातीची वर्षं डोंगरात गेली. तिथे लाकूडचोर पाहिले, वणवे पाहिले, एकदा साहेबांच्या जीपखाली गाढ झोपलेलं रानडुक्कर पाहिलं. वाघाने काही दर्शन दिलं नाही. मग बदली झाली ती उरणजवळच्या एका बंद पडलेल्या मिठागरावर. ऑफिसातले कारकून हुकूम हातात देताना म्हणाले, "तिथं धड झाड नाही. वनरक्षक म्हणून तू राखणार काय?" बायकोने तर सरळ विचारलं, "असं काय केलंत, की चिखलात पाठवलं?"

मी काहीच केलं नव्हतं, पण वाटायचं खरं शिक्षा झाल्यासारखं. निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षं मग त्या चिखलात गेली. आता घरी बसल्यावर डोंगराची आठवण येत नाही. जीव ओढतो तो त्या चिखलाकडे. दिवाळीच्या आसपास वारा फिरला, की माझं घरात लक्ष लागत नाही. बायको म्हणते, "जाऊन या एकदाचे, नाहीतर माझं डोकं खाल."

गावातले लोक त्या जागेला बारकं मिठागर म्हणतात. एका अंगाला खाडी, खाडीच्या काठाने तिवरं, मध्ये मातीचा लांब बांध आणि बांधाच्या आत पसरट, उथळ तळं. मीठ पिकवायचं थांबल्यावर तिथे पाखरं उतरू लागली आणि कधीतरी सरकारने ते राखीव केलं. गणपती उठले की बारकी पाखरं येतात, तुतारी, चिखल्या, मूठभर जिवाची. त्यांच्या मागून लांब लाल पायांचे शेकाटे आणि थापट्या बदकं. थंडी चांगली पडली की शेवटी रोहित येतात, गुलाबी पंखांचे. त्यांचा थवा तळ्यात उतरला की जो आवाज सुरू होतो, तो लिहून दाखवता येत नाही. लांबच्या लग्नघरातून पंगतीचा गलबला ऐकू यावा, तसा काहीसा. एकही शब्द कळत नाही, पण मंडळी जेवायला बसलीत आणि मजेत आहेत, एवढं कळतं.

पाखरांना तळं कशाला लागतं, खाडी आहेच की, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. गोष्ट साधी आहे. पाखरं चरतात खाडीच्या चिखलात, ओहोटीला. भरती आली की तो चिखल बुडतो. इतक्या लांबून, उत्तरेच्या बर्फातून उडत आलेल्या पाखरांनी मग उभं कुठे राहायचं? तेवढ्या वेळापुरती त्यांना जागा हवी असते, एसटी स्टँडवरच्या निवाऱ्यासारखी. पाणी उथळ हवं. जास्त झालं तर बारक्यांचे पाय टेकत नाहीत, अजिबात आटलं तर कुत्री थेट आत शिरतात. उन्हाने पाणी रोज कमी होतं, म्हणून अमावास्या-पुनवेच्या उधाणाला, म्हणजे भरती सगळ्यात मोठी असते तेव्हा, खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि पुरेसं झालं की अडवायचं. बांधाला एक दगडी तोंड आहे. त्याच्या खाचांत लाकडी फळ्या. फळ्या उचलल्या की पाणी आत, टाकल्या की बंद. एवढ्यावर सगळं चालतं.

त्या फळ्या उचलत होती हिराकाकी. मिठागर चालू असताना हे काम तिच्या नवऱ्याकडे होतं. मिठागर बंद झालं, पुढे तो वारला, पण दर उधाणाला बांधावर जायची घरातली सवय राहिली, ती हिने चालवली. तिला कोणी नेमलं नव्हतं आणि नको म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. मी हजर झालो त्या दिवशी ती काष्टा खोचून तळ्यात उभी होती. मी गुडघ्यापर्यंतचे सरकारी बूट घालून रुबाबात उतरलो.

"गारडसाहेब, बूट काड," ती म्हणाली. "बुटातशी पानी कलत नाय."

मी बूट काढले. ओळख ना पाळख, पहिल्याच वाक्यात अरेतुरे! आगरी बोलीत 'तुम्ही'चं फारसं काम पडत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे जरा टोचलं. पुढे तिने कधी 'तुम्ही' म्हटलं असतं, तर मला काहीतरी चुकलं असं वाटलं असतं.

"घोटा बुडला पायजे, पोटरी नाय," तिने माप सांगितलं. माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यात बसते.

बाकीचं काम म्हणजे राखण. कुत्री हाकला, रात्री कोणी लावून गेलेली जाळी सकाळी काढा, आणि माणसं सांभाळा. माणसं सांभाळणं सगळ्यात अवघड. फोटोवाले यायचे, झाडापानांची नक्षी असलेले कपडे घालून. जिथे झाडच नाही, त्या उघड्या चिखलात ते लपलेले गृहस्थ अर्ध्या कोसावरून दिसत. त्यांतल्या एकाने थवा उडावा म्हणून दगड भिरकावला. मी कायद्याचं कलम आठवत होतो, तेवढ्यात हिराकाकी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तुजी आय लांबशी दमून आयली, जरा टेकली, तं तिला धोंडा मारून उठिवतंस काय रं?" त्या गृहस्थाने कॅमेरा पिशवीत घातला. दुसऱ्या वर्षी तोच माणूस तिच्यासाठी पेढे घेऊन आला आणि दिवसभर हू की चू न करता बसून राहिला.

एकदा पांढऱ्या गाडीतून एक जण उतरला. हातात जाड अंगठ्या, पायात पांढरे बूट. त्याने तळ्यावरून नजर फिरवली. ओहोटी होती, आत चिटपाखरू नव्हतं. "ही रिकामी जागा कुणाची?" त्याने विचारलं.

"रिकामी नाही," मी म्हटलं. "राहणारे कामावर गेलेत. भरतीला येतील."

तो हसला नाही. अशी माणसं पुढे वाढत गेली. आमच्या भागात बंदराच्या आसऱ्याने कंटेनरची यार्डं वाढली, ट्रक उभे करायला जागा पुरेना. जिकडे बघावं तिकडे भराव. रिकामी जागा दिसली की माणसाच्या हाताला खाज सुटते. आणि माझं काम नेमकं जागा रिकामी ठेवण्याचं, येणाऱ्यासाठी. आलं तर आलं, नाही तर नाही.

हे किती अवघड आहे ते मला भगवानशेठने शिकवलं. भगवानशेठ तेव्हा सरपंच होता. माणूस उमदा, पाखरांवर जीव असलेला, फक्त उत्साहाला लगाम नाही. त्याने ठरवलं, गावात पक्षी महोत्सव करायचा. मांडव पडला, कमान उभी राहिली, कमानीवर रोहित रंगवला, तो बगळ्यासारखा दिसत होता पण गुलाबी होता. मोठमोठे पाहुणे येणार होते. आदल्या उधाणाला भगवानशेठने हिराकाकीला न विचारता पोरांकडून फळ्या काढवल्या आणि तळं काठोकाठ भरून घेतलं. सकाळी पाहतो तर पाणी माझ्या मांडीला. मी कपाळावर हात मारला.

"पावनं येनार, साहेब," भगवानशेठ अभिमानाने म्हणाला. "तलाव भरल्याला दिसला पायजे. चिखल दाकवायचा काय पावन्यांना?"

त्याला मी काय बोलणार? मीही भातवाल्याचाच पोर. आपल्याकडे भरलेलं ते चांगलं. ओटी भरायची, घर भरलेलं असावं, शेतात पाणी भरलेलं असावं. मीठ संपलं तरी आपण 'मीठ वाढलं' म्हणतो. पाहुण्यासमोर अर्धं तळं ठेवणं म्हणजे अर्धी वाटी आमटी वाढण्यासारखं. पाहुणे आले, भाषणं झाली, दुर्बिणी वाटल्या गेल्या, आणि चकाकणाऱ्या त्या भरल्या तळ्यावर एकही पाखरू नव्हतं. कोणीतरी बांधावरच्या कावळ्याकडेच दुर्बीण लावली. हिराकाकी मांडवाच्या कडेला बसून पदर तोंडाला लावून हसत होती. महोत्सव उरकल्यावर तिने पाणी हळूहळू सोडून दिलं. पुढच्या भरतीला तुतारी परत आल्या. भगवानशेठ ते बघत बराच वेळ उभा होता, नंतर मला म्हणाला, "म्हंजे आपन काय करायचं नाय, येवडंच करायचं काय?" मी म्हटलं, "तेच तर जमत नाही, शेठ."

हिराकाकीला ते जमायचं. तिच्या घराला पुढच्या अंगाला एक खोली आहे. आमच्या त्या गावात घराघराने खोल्या काढून ट्रकच्या ड्रायव्हरांना, गोदामातल्या कामगारांना भाड्याने दिल्यात. हिची खोली मात्र तशीच. खाट अंथरलेली, खुंटीवर धुतलेला टॉवेल, जेवायचं ताट पालथं घालून ठेवलेलं. शेजारणी तिला वेड्यात काढायच्या. ती म्हणायची, "माजा नरेस आयला तं निजंल कंय?"

नरेश तिचा एकुलता एक मुलगा. जहाजावर नोकरी करतो. जहाजावरून उतरला की बायकोच्या माहेरच्या शहरात राहतो. दर वर्षी गणपतीला येतो म्हणतो आणि दर वर्षी काहीतरी आडवं येतं. वाईट नाही पोरगा. फोन करतो, जहाज किनाऱ्याजवळ असून रेंज मिळाली की. एकदा हिराकाकी रेशनच्या दुकानदाराशी फोनवर भांडत होती आणि नेमका तेव्हा त्याचा फोन येऊन गेला. लागला नाही. जहाज निघून गेलं आणि मग कितीतरी दिवस काही नाही. तेव्हापासून तिने फोनवर बोलणंच टाकलं. कोणीही फोन करो, दोन वाक्यं, की ठेव. माझ्याशीसुद्धा. "ठेव आता. नरेसचा येल." मला राग यायचा कधीकधी. मग मी त्या खोलीतली खाट आठवायचो आणि राग जायचा.

मी निवृत्त झालो, माणगावला आलो. माझ्या जागी कोणी आलं की नाही, आलं तर किती जागांचा भार त्याच्यावर, ते मला नीट कळलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर एक दिवस हिराकाकीचा फोन आला. "गारडसाहेब, पानी बंद जालंय," एवढंच बोलून तिने ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेलो. खाडीकडून तळ्याकडे येणाऱ्या चरावरून एका यार्डाचा नवा रस्ता गेला होता. चरासाठी खाली सिमेंटच्या नळ्या टाकल्या होत्या खऱ्या, पण रस्ता करताना उरलेली माती आणि राडारोडा नळ्यांच्या तोंडाशीच लोटून दिला होता. हिराकाकी उधाणाला फळ्या उचलून उभी राहायची आणि फळ्यांपलीकडे पाणीच नसायचं. तळ्याच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. पोरांनी आत स्टंप रोवले होते. काठावर ट्रकच्या चाकांचे ठसे उठले होते, म्हणजे जागा कोणाच्या तरी डोळ्यांत भरली होती. त्या भेगांत मी शेकाट्याचं एक जुनं पीस पाहिलं आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

पुढचे काही आठवडे मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. निवृत्त माणूस ऑफिसात गेला की त्याला चहा मिळतो, काम होत नाही. जो तो म्हणे, हे आमच्याकडे येत नाही. इकडे थंडी पडायला लागली होती. एका वर्षी तळं सुकं मिळालं, की पाखरं पुढे जातात; दुसऱ्या वर्षी येतीलच याची खात्री नसते. तोवर तळ्यावर डांबरही पडलेलं असतं. मी काकीला म्हटलं, "आता काही होत नाही."

खाडीकाठच्या या खारेपाटातली एक जुनी रीत आहे. समुद्राच्या पाण्याने शेताचा बांध फुटला, म्हणजे खांड गेली, की पहिला बघणारा गावात येऊन हाळी देतो. हाळी ऐकली की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन पळालाच पाहिजे. भांडण असो, सुतक असो, लग्न असो. कारण खारं पाणी शेतात शिरलं तर पुढची काही वर्षं भात विसरायचं. आता शेतं कमी राहिली, पण हाळीचा मान राहिला आहे. खोटी हाळी कोणी देत नाही. जो देईल, त्याच्या घरावर संकट आलं तर पुढे कोणी उठत नाही.

त्या सकाळी पुरी ओहोटी होती. मी काकीच्या ओटीवर चहा पीत होतो. ती आत गेली, परात आणि पळी घेऊन आली आणि काही न सांगता गल्लीतून वाजवत सुटली. "खांड गेली! खांड गेली रं!"

मी कप ठेवून मागे धावलो. घराघरांतून माणसं निघाली. अंगावर बनियन, हातात फावडी, बायकांच्या डोक्यावर घमेली. काही पोरं यार्डाच्या गणवेशातच होती. भगवानशेठही आला. तो आता सरपंच नव्हता, त्याचे डंपर चालत होते आणि त्या रस्त्याची माती त्यानेच टाकली होती. पण हाळी आली तसा तोही घमेलं घेऊन पळाला. सगळे तिच्या मागून बांधावर आले, तिथून रस्त्याच्या नळ्यांपाशी. बांध धड होता.

"काकी, खांड कंय हाय?" भगवानशेठने धापा टाकत विचारलं.

"नाय खांड," ती म्हणाली. "खोटी हाळी दिली मी."

मग एकदम सगळेच बोलायला लागले. एक म्हातारा इतका चिडला की त्याने फावडं जमिनीवर आपटलं. मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, पण मी बाहेरचा, माझं कोण ऐकणार?

गलका खाली बसेपर्यंत ती थांबली. "माज्या घरवाल्यानं जल्मभर तुमच्या हाळीला घमेला उचलला," ती म्हणाली. "तो गेला, पोरगा दर्यावर. माज्या घरातशी कोन नाय, म्हनून मी येत होती तुमच्यात. कवा चुकली काय? आज माजी हाळी हाय. पुढं माज्या हाळीला येऊ नका तुमी. आज आयलाव ना?"

तिने वाकून नळीच्या तोंडाशी हात घातला आणि मातीचं ढेकूळ काढून बाजूला टाकलं. मी दुसरं काढलं. बाकी कोणी हललं नाही. तेवढ्यात भगवानशेठने हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि तो माघारी चालू लागला. मला वाटलं, गेला. पण थोड्या वेळाने रस्त्यावरून घरघर ऐकू आली. त्याचीच जेसीबी होती.

"फावड्यानं काय व्हतंय?" तो कोणाकडे न बघता म्हणाला. "सरका."

दुपारी भरती चढली तेव्हा त्या नळ्यांतून पाणी आलं. आधी काळं, फेसाळ, मग स्वच्छ. बायकांनी पाय धुतले आणि घमेली डोक्यावर घेतली. तो चिडलेला म्हातारा जाताना म्हणाला, "हिरे, खोटी हाळी ती खोटीच." ती म्हणाली, "व्हय." त्याचं म्हणणं तिला मान्य होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

तळं भेगांतून पाणी पीत राहिलं. उधाणामागून उधाण गेलं, तेव्हा कुठे पाणी टिकायला लागलं. काकीचे गुडघे आता काम देत नाहीत, तिला आत उतरवत नव्हतं. ती बांधावर बसायची आणि मी उतरायचो, अनवाणी.

"कवडं आयलं?"

"घोट्याला."

"मंग बास. टाक फल्या."

फळ्या टाकून आम्ही संध्याकाळपर्यंत बघत बसायचो. आभाळात काही नसायचं. बारकी पाखरं थोडी आली, पण रोहितांचा पत्ता नव्हता. एकदा मी न राहवून विचारलं, "काकी, आलेच नाहीत तर?" ती म्हणाली, "नाय आयली तं नाय आयली. आपलं पानी घोट्याला र्‍हायला पायजे." मी माणगावला परतलो तेव्हा मनातून आशा सोडली होती. तिच्याजवळ तसं बोललो नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. माणगावच्या बाजारात मी सुकट घेत होतो. फोन वाजला, हिराकाकीचा. मी हॅलो म्हटलं तर पलीकडून फक्त "ऐक" एवढंच आलं आणि मग तिचा आवाज लांब गेला. तिने हात लांब करून फोन तळ्याकडे धरला असावा. आधी नुसता वारा. मग त्याच्या मागून हळूहळू तो गलबला, लांबच्या पंगतीचा. मी बाजाराच्या मधोमध एका कानात बोट घालून उभा राहिलो. सुकटवाली काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं.

"ऐकलंस?" काकीचा आवाज जवळ आला.

"आले?" मी विचारलं. "काकी, किती—"

"ठेव आता," ती म्हणाली. "नरेसचा येल."

फोन बंद झाला. मला तिला खूप काही विचारायचं होतं. कधी उतरले, कुठल्या अंगाला, पाणी किती आहे, आणि खोलीतली खाट अजून तशीच आहे का. बोट पुन्हा तिच्या नावावर गेलं. पण मी फोन लावला नाही, खिशात ठेवला. तिची लाइन मोकळी राहायला हवी होती.